सत्तावन्न फुटांवर एक फूट

कर्जतची आमची मुलींची शाळा तेव्हा इंग्रजी चौथीपर्यंत होती. चौथी झाली की मुलीने घरी बसायचे. पुढे शिकायचे तर कल्याण नाहीतर पुणे, आणि मुलीला शिकण्यासाठी रोज आगगाडीत बसवणारा बाप मला कर्जतमध्ये भेटला नाही. मी त्या शाळेत गणित आणि मराठी शिकवीत असे. वय छत्तीस. दोन्ही मुलगे शिक्षणासाठी पुण्याला धाकट्या दिरांकडे होते. आमचे हे मोजणीच्या खात्यात सर्व्हेअर, महिन्यातले वीस दिवस खालापूरच्या बाजूला फिरतीवर. शनिवारी संध्याकाळी घरी येत आणि सोमवारी पहाटे जात. त्यामुळे मला वेळ होता, आणि वेळ असला की मी काहीतरी अंगावर ओढवून घेते.

त्या वर्षी चौथीत पाच मुली होत्या. पाचही अंकगणितात चांगल्या. त्यांतली एक, बाजारातल्या भाताच्या व्यापाऱ्याची मुलगी, तर माझी फळ्यावरची चूक बसल्या जागेवरून सांगत असे. हात वर करायचा असतो हे तिला चार वर्षांत मी शिकवू शकले नाही.

शाळेच्या मंडळाचे चिटणीस वकील होते. दिवाळीनंतर ते घरी आले आणि पायरीवर उभ्या उभ्याच बोलले. दोन खोल्या मिळत होत्या, पाचवीचा वर्ग काढायला परवानगीही मिळण्यासारखी होती, पण वरच्या वर्गांना गणित शिकवणारे माणूस पदवीधर हवे होते. पुण्याहून एखादे मास्तर आणता आले असते, परंतु पाचांपैकी तिघींच्या वडिलांनी आधीच कळवले होते की पुरुष मास्तर असतील तर मुलगी येणार नाही.

"तेव्हा बाई, जूनपर्यंत तुमचा निकाल आला तर वर्ग. नाहीतर पाचही जणी घरी," ते म्हणाले.

बायकांना घरी अभ्यास करून पदवीची परीक्षा देता येईल अशी सोय तेव्हा झाली होती. मी तिचे आधीचे टप्पे पार केले होते. शेवटचा राहिला होता आणि त्यासाठी मी गणित घेतले होते. मैत्रिणींनी गृहशास्त्र घे म्हणून सांगितले होते. गृह मी वीस वर्षे चालवीत होते, त्याचे शास्त्र आणखी कशाला, म्हणून मी गणित घेतले. एप्रिलात परीक्षा, जूनमध्ये निकाल. पाच मुलींचे पुढचे आयुष्य माझ्या एका उत्तरपत्रिकेवर टांगलेले असावे हे मला मुळीच आवडले नाही, पण दुसरा मार्गही दिसेना.

बीजगणित, भूमिती यांचा मला त्रास झाला नाही. अडले ते एका प्रकरणापाशी. त्याला मराठीत विकलन समीकरण म्हणतात. ज्यांनी ते पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साधे समीकरण विचारते, ती संख्या कोणती? हे समीकरण विचारते, ती वाट कोणती? प्रत्येक ठिकाणी चढ किती आहे एवढे तुम्हाला सांगितलेले असते, आणि त्यावरून सगळी वाट काढून दाखवायची असते. चढ साध्या हिशोबाने दिलेला असला तर काम सोपे. तो साइन, कोसाइन, टँजंट अशा कोनाच्या मापांत दिलेला असला की रीत थोडी लांबते. पण रीत असते. एका प्रकारात सगळे य एका बाजूला आणि सगळे क्ष दुसऱ्या बाजूला नेऊन बसवायचे. दुसऱ्यात दोन्ही बाजूंना अशा एका राशीने गुणायचे की डावी बाजू एका झटक्यात आवरली जाते. रीत मला दोन आठवड्यांत आली. निदान आली असे वाटले.

पुस्तक दिरांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणून दिले होते, इंग्रजी, आणि शेवटची पन्नासएक पाने नसलेले. उत्तरे त्या पानांत होती. कोष्टकेही त्यातच गेली होती. उत्तर बरोबर की चूक हे सांगणारे कर्जतमध्ये कोणी नव्हते. ज्यांना लोक गणिती म्हणत ते स्टेशनमास्तर होते आणि त्यांचे गणित मालाच्या वजनापाशी संपत असे. म्हणजे उरला ताळा.

माझे वडील खालापूरच्या मराठी शाळेत मास्तर होते. त्यांच्या दोन शिस्ती होत्या आणि त्या माझ्या हाडात शिरल्या आहेत. पहिली, ताळा केल्याशिवाय उत्तर सांगायचे नाही. गुणाकार केला की नवाचा ताळा, भागाकार केला की उलटा गुणाकार. ताळा न केलेले उत्तर त्यांच्या लेखी उष्ट्या भांड्यासारखे होते. दुसरी शिस्त, चुकलेले गणित पाटीवर ठेवायचे नाही. "चुकीकडे बघत बसलं की ती सवयीची होते," ते म्हणत. चूक दिसली की पुसायची आणि पहिल्यापासून मांडायचे. मी स्वतः शिकवताना या दोन्ही गोष्टी मुलींच्या मानगुटीवर बसवल्या. ताळा विसरलेली मुलगी माझ्या वर्गात बाकावर उभी राहात असे.

विकलन समीकरणाला ताळा कसा करायचा हे पुस्तकात दिलेले नव्हते. मी माझी रीत काढली. वाट सापडली ना, मग तिच्यावरची दोन जवळजवळची ठिकाणे घ्यायची, एकापासून दुसरे किती वर आहे ते पाहायचे, आणि समीकरणाने सांगितलेला चढ तेवढाच येतो का ते ताडून बघायचे. यात खोट काहीच नव्हती. यासाठी साइन, कोसाइनचे कोष्टक पाहिजे होते आणि ते घरात होते. यांचे कामाचे. चामड्याच्या पुठ्ठ्याचे, खिशात मावणारे, अंश आणि त्यांचे साठावे भाग, म्हणजे कला, यांनी मांडलेले, पानापानाला यांच्या बोटांचे ठसे उमटलेले. त्यांच्याजवळ दोन प्रती होत्या. एक त्यांनी मला दिली, ती जणू दागिना देताहेत अशा ऐटीत दिली.

"यात चौथ्या दशांशापर्यंत चूक सापडायची नाही," म्हणाले.

मी म्हणाले, चूक कोष्टकाची नसतेच, माणसाची असते. ते खूष झाले.

पहिलेच उदाहरण घेतले ते अगदी सोपे होते. य वाढण्याचा दर य गुणिले कोटँजंट क्ष इतका आहे, तर य काढा. चार ओळींत उत्तर आले, य म्हणजे साइन क्ष, पुढे वाटेल तो स्थिरांक. ताळा केला. तीस अंशांचा साइन अर्धा. एकतीस अंशांचा कोष्टकात पाहिला, अर्ध्याहून पंधरा हजारांशांनी जास्त. म्हणजे एका पावलाला पंधरा हजारांश चढ. समीकरण म्हणत होते, चढ आठशे सहासष्ट हजारांश पाहिजे. पंधरा कुठे आणि आठशे सहासष्ट कुठे. मी पाटी पुसली.

पुन्हा केले. तेच आले. पुन्हा पुसले.

वाटले, दुसरा प्रकार घेऊन बघावा. य वाढण्याचा दर, अधिक य गुणिले टँजंट क्ष, बरोबर कोसाइन क्ष. याला दोन्ही बाजूंना सीकंटने गुणायचे असते, आणि मग उत्तर असे नीटनेटके येते की बघत राहावे: य म्हणजे क्ष गुणिले कोसाइन क्ष, अधिक तोच तो स्थिरांक गुणिले कोसाइन. स्थिरांक शून्य धरून तीस अंशांपाशी ताळा केला. डावी बाजू साडेपंधराच्या वर गेली. उजवी एकाच्याही आत. इतकी मोठी चूक मी दुसऱ्या इयत्तेतही केली नव्हती. पाटी पुसली.

डिसेंबर असा गेला, जानेवारी असा गेला. शाळेतून आले की चहा, मग पाटी. चुकीचा आकडा आला की ओला फडका. कधी डावी बाजू मोठी, कधी उजवी, कशात काही मेळ नाही. रीत पुस्तकाशी ओळ न ओळ ताडून पाहिली. रीतीत चूक सापडेना आणि ताळा जमेना. मग रीतच आपल्याला कळलेली नाही, एवढाच अर्थ उरला. मी पुस्तकातली पाने पाठ केली. पाठ केल्याने फक्त पाठ होते.

आमच्याकडे भांड्यांना दहिवलीची एक बाई येत असे, माझ्याहून मोठी, तोंडाची फटकळ. पाटीवरचे तिला वाचता येत नसे पण सगळे दिसत असे. एक दिवस माझ्या हातातला फडका पाहून तिने भांडे खाली ठेवले.

"आमी जमीन बी आठवड्यानं सारवतो गं बाय," ती म्हणाली. "तुमची पाटी मातर रोज."

मी तिला सांगितले, चुकते म्हणून पुसते. ती म्हणाली, रोज चुकतं तर कोणी सांगितलंय करायला? त्यावर माझ्याजवळ जे उत्तर होते, पाच मुली आणि जून, ते मी तिला दिले नाही. तिच्या स्वतःच्या नातीचे लग्न त्याच महिन्यात होते आणि नात अकरा वर्षांची होती.

शनिवारी हे येत. पाय धुऊन झाले की दुर्बिणीची पेटी पुसत बसत. थिओडोलाइटला खालापूरकडचे लोक दुर्बीणच म्हणतात आणि आमच्या घरातही तोच शब्द. त्यांनी दोनदा विचारले, काय अडले आहे, बघू का. मी म्हणाले, हे कॉलेजातले आहे, त्यात तुम्हाला काही कळायचे नाही. असेच म्हणाले. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे त्याची किंमत कळली. तिसऱ्यांदा त्यांनी विचारले नाही.

एप्रिलात पुण्याला गेले. दिरांच्या घरी चार दिवस राहिले. मुलगे आईला परीक्षेची धास्ती कशी वाटते आहे हे बघायला मिळाल्यामुळे फार आनंदात होते. धाकट्याने मला पेन्सिलीला टोक करून दिले आणि वर, वेळेकडे लक्ष दे, अशी समजही दिली.

पेपरात एक प्रश्न सोडता येत नव्हता, सर्वांनी करायचाच होता, आणि त्यात माझे जुने वैर उभे होते: अधिक य गुणिले टँजंट, बरोबर कोसाइन. दहा ओळींत मी उत्तर लिहिले. हात थांबला असता तर बरे झाले असते. पण ताळा न करता पुढे जाणे मला जमले नाही. तिसाचे आणि एकतिसाचे साइन, कोसाइन, टँजंट मी इतक्या वेळा पाहिले होते की पाठच झाले होते. कोपऱ्यात बारीक अक्षरात ताळा केला. साडेपंधरा. मी सगळ्या उत्तरावर दोन आडव्या रेघा मारल्या. दुसऱ्या एका रीतीने करून पाहिले, ते उत्तर खरोखरच चुकीचे होते, त्यावरही रेघा मारल्या. पुढचा प्रश्न त्याच घराण्यातला होता. त्याचीही तीच गत केली. घंटा झाली तेव्हा माझ्या उत्तरपत्रिकेत न खोडलेले फार थोडे उरले होते.

जूनमध्ये निकालाचे पत्र आले. बाकी सगळ्यात पास, गणितात पाच गुण कमी. त्या एका प्रश्नाला दहा होते.

चिटणीस पुन्हा पायरीवर येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, बाई, या वयात तुम्ही प्रयत्न केलात हेच पुष्कळ झाले. ते 'पुष्कळ' ऐकून माझ्या डोक्याची शीर उडायला लागली. लहान मुलाने भाकरी थापायला घेतली आणि नकाशा झाला तर आपण म्हणतो तसे ते पुष्कळ होते. मी विचारले, पुढच्या जूनपर्यंत थांबता येईल का. ते म्हणाले, खोल्या थांबतील, मुलींचे मी काय सांगू. मग पुण्यातल्या त्यांच्या ओळखीच्या एका प्रोफेसरांचा पत्ता दिला. काय अडते ते सविस्तर लिहून पाठवा, ते सांगतील, असे म्हणाले.

पाचवी निघाली नाही. पाचही जणी घरी गेल्या.

ते पत्र मी दीड महिना लिहिले नाही. रागच इतका होता. आपले अज्ञान सुवाच्य अक्षरात लिहून परक्या माणसाला पाठवायचे, त्यावर तिकीट आपणच चिकटवायचे, हे जमायला श्रावण उजाडावा लागला. पण लिहायला बसले आणि एक गोष्ट आपोआप झाली. पत्रात चूक पुसता येत नाही. ती तर दाखवण्यासाठीच असते. मी सहा उदाहरणे घेतली आणि प्रत्येकाखाली शाईने माझा ताळा लिहिला: इतका चढ पाहिजे, इतका आला. आयुष्यात प्रथमच माझी सहा चुकलेली गणिते एका कागदावर एकाखाली एक उभी राहिली.

त्यांतली तीन अगदी साधी होती. त्या तिन्हींखालचे आकडे पाहताना प्रोफेसरांना सोपे जावे म्हणून मी लिहू लागले की उत्तर किती पटीने चुकते. पहिल्यात सत्तावन्न पट आणि वर काही दशांश. दुसऱ्यात सत्तावन्न. तिसऱ्यात, ज्यात सगळेच वेगळे होते, सत्तावन्न. चूक दर वेळी एकच असेल तर ती वेंधळेपणाची चूक नव्हे, एवढे मला कळत होते. पण सत्तावन्नच का?

शनिवार होता. यांना वाढत होते. तोंडाने आकडा चालूच असावा, कारण हे जेवता जेवता म्हणाले, "सत्तावन्न काय?"

मी म्हणाले, काही नाही, एक आकडा मागे लागला आहे, सत्तावन्न आणि वर पाव-अर्धा.

"एक अंश," ते म्हणाले आणि आमटी ओरपली.

मी विचारले, कसला अंश?

"अगं, सत्तावन्न फुटांवर एक फूट. दुर्बीण एका अंशाने चुकली की सत्तावन्न फुटांवर झेंडा एक फूट बाजूला पडतो. आमच्या साखळी ओढणाऱ्या गड्यांनासुद्धा माहीत असतं."

मी पळी हातात धरून तशीच बसले. मग सगळे एकदम कळले, आणि ते कळणे मुळीच सुखाचे नव्हते. मोजणीवाला कोन अंशांत मोजतो, कारण त्याच्या दुर्बिणीवर अंश कोरलेले असतात. विकलनाची सगळी शिकवणूक मात्र कोन दुसऱ्या मापाने मोजते. वर्तुळाच्या त्रिज्येएवढी दोरी परिघावर ठेवली की जो कोन होतो तो एक. त्यात अंश सत्तावन्नाहून थोडे जास्त भरतात. पुस्तकात ते पहिल्याच प्रकरणात होते. मी ते पाठ केले होते, त्यावरची दहा उदाहरणे सोडवली होती, आणि मग ते बाजूला ठेवून यांच्या कोष्टकातले तीस आणि एकतीस थेट समीकरणात घातले होते. चढाचे एक पाऊल मी सत्तावन्न पट लांब टाकत होते आणि चढ भरत नाही म्हणून वाटेला नावे ठेवत होते.

खरकट्या हातांनीच यांना कागद दाखवला. त्यांना समीकरण कळले नाही, पण कुठे काय झाले ते अचूक कळले.

मी म्हणाले, "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे? त्यात मला काही कळायचं नाही म्हणालीस." मग कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "कोष्टक चुकलं असं मात्र म्हणू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते जुन्या वैराचे उदाहरण घेतले. तीस अंशांऐवजी शून्य दशांश पाच दोन तीन सहा. एका अंशाचे पाऊल त्याच मापाने लहान केले. डावीकडे शहाऐंशी शतांश, उजवीकडे सत्त्याऐंशी. एका शतांशाचा फरक, तो पाऊल अजून थोडे मोठे होते म्हणून. मग बाकीची उदाहरणे केली. बरोबर. सगळी बरोबर. डिसेंबरापासून पुसलेली प्रत्येक पाटी बरोबर होती. परीक्षेत दोन रेघा मारलेले उत्तर बरोबर होते. चूक असती तर मला इतका संताप आला नसता.

भांडी घासणाऱ्या बाईने विचारले, आज फडका कोरडा कसा? तिला मी सांगितले, म्हटले गणित बरोबरच होते, मापाचा घोटाळा होता. तिने राख लावता लावता विचार केला.

"म्हंजे भात बराबर हाय, पायली दुसऱ्याची."

मी म्हणाले, तसेच.

"आमच्यात बारकी पोर बी पायली बघितल्याबिगर भात मापत नाय," ती म्हणाली. खरेच होते. खालापूरची पायली आणि कर्जतच्या बाजारची पायली सारखी भरत नसे, हे तालुक्यात कोणालाही विचारा. मी दोन्ही गावांत वाढले आणि नांदले होते.

प्रोफेसरांना पत्र पाठवले नाही. त्या कागदाच्या मागे मी धोब्याचे कपडे लिहिले.

आता पुढचा एप्रिल अवघड नव्हता. अवघड होते ते मधले महिने. तुळशीचे लग्न लागले आणि पाचांतल्या दोघींची ठरली. मग भाताच्या व्यापाऱ्याकडेही बोलणी चालू झाल्याचे कानावर आले. मी त्यांच्या दुकानी गेले. पोती रचलेली, तराजू चालू. मी म्हणाले, जूनपर्यंत थांबा, या खेपेस निकाल नक्की आहे, वर्ग निघेल. त्यांनी गड्याला तराजू धरायला सांगितले आणि माझ्याकडे वळले. बोलले अदबीनेच.

"बाई, गेल्या वर्षीही तुम्ही जूनच म्हणाला होतात."

माझी उत्तरे बरोबर होती पण अंशांमुळे घोटाळा झाला, असे त्यांना सांगायचे मनात आले. सांगितले नाही. ज्याला पायलीचा धंदा आहे त्याला ते सांगण्याची लाज वाटली. लग्न माघात झाले. मला आमंत्रण होते, गेले, जेवले.

एप्रिलात परीक्षा दिली. तसलाच प्रश्न होता. सोडवला, ताळा केला, पुढे गेले. जूनमध्ये पास झाल्याचे पत्र आले आणि चिटणीस या वेळी पायऱ्या चढून आत येऊन बसले. पाचवी निघाली. आधीच्या पाचांतल्या दोघी आल्या, नव्या चौथीतून आलेल्या चार. दोघींचे एक वर्ष फुकट गेले आणि तिघींचा तर प्रश्नच मिटला. लोकांनी माझे अभिनंदन केले. एकाने पेढे वाटले. मी घेतले, परत करणे वाईट दिसले असते.

दीड-दोन वर्षांनी कसल्याशा कामाने नेरळला गेले होते. परतीच्या गाडीला वेळ होता. माथेरानची छोटी गाडी पलीकडे उभी होती आणि तिच्या इंजिनाचा धूर आमच्या फलाटावर येत होता म्हणून मी जागा बदलली, तर समोर ती. भाताच्या व्यापाऱ्याची मुलगी. सासर तिथलेच. कडेवर वर्षाचे मूल होते, हातात भाजीची पिशवी. तिने वाकून नमस्कार केला आणि एकदम विचारले, वर्ग चालला आहे का. मी म्हणाले, चालला आहे, आता सहावीही आहे. किती जणी, काय शिकवता, भूमितीचे कुठवर आले, असे तिने भराभरा विचारले. मी सांगत गेले.

मग ती म्हणाली, "बाई, त्या वर्षी काय झालं होतं? तुम्ही गणितात नापास झालात म्हणाले. मला खरं वाटलं नव्हतं."

तिला मी सगळे सांगितले. तिला सांगायला लाज वाटली नाही, कारण ती समजून घेईल हे माहीत होते. विकलन तिने कुठून पाहिले असणार, पण वाट आणि चढ म्हटल्यावर तिची मान हलली. कोष्टक, अंश, सत्तावन्न फुटांवर एक फूट, खोडलेले उत्तर, सगळे मूल कडेवर घेऊन उभ्या उभ्या ऐकले. मधे एकदाही बोलली नाही, जे तिच्या बाबतीत नवीन होते.

"म्हणजे उत्तरं बरोबर होती," शेवटी म्हणाली.

"होती."

"आणि ताळा चूक."

"हो."

तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतले. "मग बाई, जे नक्की येतं असं एखादं गणित घेऊन, ताळाच बरोबर आहे का, ते नाही पाहिलंत?"

सिग्नल पडला होता. शेलूकडून गाडीचा आवाज येऊ लागला होता. मी म्हणाले, नाही पाहिले.

"आम्ही नसतं पाहिलं तर तुम्ही बाकावर उभं केलं असतंत," ती म्हणाली. रागाने नाही, वर्गात बसल्या जागेवरून सांगायची तशीच.

"केलं असतं," मी म्हणाले आणि गाडीत चढले.